तारामासा : कमानीचा माथ्यावरचा दगड

तारामाशाला मासा म्हणण्याची चाल पडली आहे खरी; पण त्याला ना खवले, ना पर, ना कणा. काटेरी कातडीच्या समुद्रप्राण्यांच्या घराण्यातला हा एक. साळिंदरासारखे काटे फुलवून बसणारा वाटोळा सी-अर्चिन त्याचा चुलतभाऊच म्हणा. तारामाशाला डोके नाही, मेंदू नाही, रक्तही नाही. अंगातील नळ्यांतून समुद्राचेच पाणी खेळते आणि त्या पाण्याच्या दाबावर बाहूंखालचे शेकडो नळीसारखे पाय चालतात.

असा हा बिनडोक्याचा प्राणी करतो तरी काय, असे तुम्ही विचाराल. तर तो शिंपले खातो. शिंपल्याला कवटाळून तो चिकाटीने ओढत राहतो. केसभर फट पडली, की आपले पोटच बाहेर काढून तो त्या फटीतून आत सारतो आणि मांस तिथल्या तिथे पचवतो.

या खादाडपणाचे मोल रॉबर्ट पेन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले. १९६३ साली वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर त्यांनी खडकाचा सुमारे ८ मीटर लांबीचा पट्टा निवडला. तेथले तारामासे पहारीने उचकटून समुद्रात फेकले. पुन्हा आले, पुन्हा काढले. शेजारचा भाग तसाच ठेवला. शिकारी गेला म्हणजे बाकीच्यांची चंगळ, असे आपल्याला वाटते. झाले उलटेच! शिंपल्यांनी सारी जागा बळकावली आणि १५ जातींपैकी ८ उरल्या. अशा प्राण्याला पेन यांनी १९६९ साली दगडी कमानीच्या माथ्यावरच्या दगडाची उपमा दिली. तो दगड इतरांहून फार मोठा असतो असे नाही; पण तो काढला, की कमान ढासळते.

पेन यांनी हाताने केले, ते पुढे रोगाने केले. २०१३ पासून त्याच किनाऱ्यावर तारामाशांत साथ पसरली. अंगावर व्रण पडत, बाहू गळत, आणि थोड्याच दिवसांत देहाचा लगदा होई. वीसांवर बाहूंचा सूर्यफूल-तारामासा तर सुमारे ९० टक्के नाहीसा झाला. हा सी-अर्चिन खाणारा. तो जाताच उत्तर कॅलिफोर्नियात अर्चिन माजले. त्यातच समुद्राचे पाणी तापले, आणि केल्प नावाच्या उंच शैवलाची पाण्यातली राने उजाड झाली. त्या रानांच्या आसऱ्याने राहणारे मासे, गोगलगायी यांचेही घर गेले. कॉलऱ्याच्या जंतूच्या कुळातलाच एक जंतू या रोगाच्या मुळाशी असल्याचे २०२५ साली दिसून आले.

प्रत्येक तारामासा असा माथ्याचा दगड असतो असे नव्हे. ते एकेका किनाऱ्यावर पाहूनच ठरते. म्हणून ओहोटीच्या वेळी कोकणच्या खडकांत एखादा दिसला, तर जरूर निरखून पाहा. पण वाळवून शोभेसाठी घरी मात्र नेऊ नका. तो कोणता भार तोलून धरीत आहे, हे वरून दिसत नाही.