डभोईची छोटी लाईन: उरलेल्या खुणा कशा वाचाव्यात

बडोद्यात वाढलेल्या आमच्या पिढीला डभोईची गाडी म्हणजे ‘छोटी लाईन’. आता तिथे मोठी लाईन झाली. जुने रूळ कुठून जायचे हे विचारलं तर सांगणारे कमी उरलेत. म्हणून हे टिपण.

खंडेराव महाराज गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम असा सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग झाला. भारतातली ही पहिली नॅरोगेज. दोन रुळांत अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार पेलेना, म्हणून सुरुवातीला डबे बैल ओढत. १८७३ मध्ये इंजिनं चालू शकतील असे जाड रूळ घातले. हा मुलूख कापसाचा. मियागामला मुंबईची मोठी लाईन होती, पण माप वेगळं. त्यामुळे माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागे.

प्रतापनगरला जुनी इंजिनं जपली आहेत, ते छानच. पण सायडिंग कोण जपणार? ती ओळखायला मी चार गोष्टी बघतो.

पहिली, वळण. गाडी काटकोनात वळत नाही. जुन्या जीन-प्रेसजवळ एखादी भिंत किंवा प्लॉटची हद्द उगाच कमानीसारखी वळलेली दिसली, तर तिथून रूळ गेला असण्याची शक्यता धरावी आणि जुन्या नकाशाशी ताडून पाहावी.

दुसरी, ओटा. मालाचा ओटा डब्याच्या तळाशी समपातळीत बांधत. छोट्या लाईनचा ओटा म्हणून बुटका असतो. तो टेपनं मोजून ठेवावा.

तिसरी, छप्पर. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल तर काचा बहुधा उत्तरेला असतात. कामगारांना ऊन न लागता दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून.

चौथी, खुद्द रूळ. काढलेले रूळ कुंपणाचे खांब होतात, छपराच्या तुळया होतात. रुळाच्या उभ्या बाजूवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात असतं. त्यावर खडू घासला की अक्षरं उमटतात.

हे मी चुकून शिकलो. एका कुंपणातल्या खांबावर रंगाखाली अक्षरं दिसली होती. जवळ खडू नव्हता, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं. गेलो तेव्हा कुंपण सिमेंटचं झालं होतं, रूळ भंगारात. ते साल आता कुणालाच वाचता येणार नाही.

तेव्हा मंडळी, दिसेल त्या दिवशीच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, जागा आणि तारीख लिहा. चालू लाईनवर मात्र पाऊल टाकू नका. आवारात शिरताना परवानगी घ्या. आणि जवळपास जुने गँगमन किंवा जीनमधले कामगार असतील तर त्यांना आधी भेटा. रूळ कुठे वळायचा ते त्यांच्या बोटावर असतं.