रुप्याची खाण आणि रिकामी तिजोरी

"गुरुजी, ज्याच्या पदरी रुप्याची खाण, तो कर्जबाजारी कसा?" असा प्रश्न चिंचपाड्यास एका विद्यार्थ्याने मला केला. विषय स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचा होता. हा राजा आपणांस अगदीच परका नव्हे. पोर्तुगालचे राज्य त्याच्याकडे गेल्यामुळे इ. स. १५८० ते १६४० पर्यंत गोवे व वसई यांचे धनी स्पेनचेच राजे होते.

अमेरिकेतील पोतोसीच्या खाणीचे रुपे त्यास अखंड मिळे. परंतु ते येण्यापूर्वीच युद्धखर्चासाठी सावकारांचे ऋण काढलेले असे; म्हणून १५५७, १५७५ व १५९६ साली त्यास देणी थांबवावी लागली. पुढे युद्धांस व करांस कंटाळून १६४० मध्ये पोर्तुगाल फुटले व वसईचा धनी पुन्हा बदलला.

प्राप्ती मोठी असणे निराळे, घर सावरलेले असणे निराळे. उद्याच्या मिळकतीवर आज ऋण काढणाऱ्या कर्त्या पुरुषाने हे ध्यानी धरावे.