एकवर बंद, चारवर सुरू

बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड जंक्शनला रखडलेली एखादी जुनी हॅचबॅक. एसी सुरू आहे, ब्लोअरचा नॉब एकवर आहे, पण हवा येत नाही. दोनवर नाही, तीनवरही नाही. चारवर नेला की मात्र पंखा असा घोंघावतो, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येऊ नये. गाडीवाल्याच्या मनात पहिली शंका येते ती एसीचा गॅस संपल्याची, आणि त्यापाठोपाठ मोठ्या खर्चाची. प्रत्यक्षात गॅस जागेवर असतो, कॉम्प्रेसर धडधाकट असतो आणि मोटरही फिरत असते. गेलेला असतो तळहातावर मावेल एवढा भाग, साध्या गाड्यांसाठी काहीशे रुपयांत मिळणारा. त्याचे नाव ब्लोअर रेझिस्टर. गॅरेजवाले नुसते ‘रेझिस्टन्स’ म्हणतात.

बिघाडाच्या या तऱ्हेतच निदान दडलेले आहे. ब्लोअरची मोटर एकच, आणि बॅटरीचे व्होल्टेजही ठरलेले, साधारण 12. वेग कमी करायचा तर मोटरच्या वाट्याला येणारे व्होल्टेज कमी करावे लागते. त्यासाठी तिच्या वाटेत रोधक तारेची वेटोळी घालतात. नॉब एकवर असताना वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनवर त्यांतले एक वगळले जाते, तीनवर आणखी एक. चारवर रेझिस्टर पूर्ण बाजूला राहतो आणि वीज थेट मोटरला मिळते. म्हणून रेझिस्टर जळाला तरी चौथा वेग शाबूत असतो. चारवरही पंखा हलत नसेल, तर फ्यूज, रिले किंवा मोटर तपासायची.

मग अडवलेली वीज जाते कुठे? जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने 1827 साली व्होल्टेज, प्रवाह आणि रोध यांचे नाते मांडले. इंग्लंडच्या जेम्स जूलने 1841 मध्ये दाखवले, की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. नॉब एकवर, प्रवाह 4 अँपिअर, वेटोळ्यांचा एकूण रोध 2 ओहम. 4 गुणिले 4 गुणिले 2, म्हणजे 32 वॅट. बारांपैकी 8 व्होल्ट रेझिस्टरच खातो, मोटरला उरतात 4. तिच्या वाट्याला 16 वॅट येतात. पंखा फिरवायला लागते त्याच्या दुप्पट ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचे सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचे असले तरी त्याने डाग देता येतो. इथे त्याहून अधिक उष्णता डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या नळीत, सतत तयार होत असते. सीलिंग फॅनचे जुने, हाताला गरम लागणारे चौकोनी रेग्युलेटर याच तत्त्वावर चालत. घरांतून ते गेले, गाड्यांत टिकून राहिले.

ही उष्णता बाहेर काढायला अभियंत्यांनी रेझिस्टर ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवला. खोच अशी, की पंखा हळू फिरतो तेव्हाच रेझिस्टरला राबावे लागते. म्हणजे त्याला वाऱ्याची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी वारा सर्वांत कमी असतो.

इथे बेंगळुरूचे हवामान चित्रात येते. नागपूरच्या मे महिन्यात नॉब चारवर जातो आणि रेझिस्टरला सुट्टी मिळते. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत एप्रिल 2016 मध्ये पारा 39.2 अंशांवर गेला होता खरा, पण असे दिवस थोडेच. एरवी एक-दोनवर भागते. हवा जितकी सौम्य, तितका हा भाग अधिक काळ तापलेला. त्यात रस्त्यावरचा वेळ. टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकात बेंगळुरूला 10 किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटे 10 सेकंद लागतात, असे दिसले. पुणेकरांनी हसू नये: त्यांचा आकडा 33 मिनिटे 22 सेकंद होता.

उष्णता हाताबाहेर गेली तर आग लागू नये म्हणून बऱ्याच रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो. ठरलेल्या तापमानाला तो वितळतो आणि एक, दोन, तीन हे वेग एकदम बंद पडतात. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याची दोन टोके तपासली, की तो तुटला आहे का ते लगेच कळते. आणि इथेच जुगाडाचा मोह होतो: फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडला, की तिन्ही वेग फुकटात परत!

या मोहाची किंमत ब्रिटनमध्ये कळली. व्हॉक्सहॉल कंपनीच्या झाफिरा बी गाड्यांना आगी लागू लागल्या. 2015 साली कंपनीने सुमारे 2 लाख 35 हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि ब्लोअर रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती हे कारण सांगितले. पण तेवढ्याने प्रश्न मिटला नाही. ओलाव्याने ब्लोअरची मोटर गंजते, जड फिरते आणि त्यामुळे रेझिस्टर तापतो, हेही पुढे आले. 2016 मध्ये गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने कंपनीच्या दिरंगाईवर कडक टीका केली.

फ्यूजला बगल द्यायची नाही, रेझिस्टरच बदलायचा, हे ठरले की बेंगळुरूकर टाउन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड गाठतो. सुट्या भागांच्या दुकानांची ही जुनी पेठ. जुना भाग सोबत नेलेला बरा, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्ये वायर जोडणाऱ्या कपलरच्या पिना वेगळ्या असू शकतात. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत तर वेटोळ्यांऐवजी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते. अनेक मॉड्यूल सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून वेग सांभाळतात. त्यांत उष्णता कमी वाया जाते, पण किंमत बरीच जास्त आणि वरची मल्टिमीटरची चाचणी त्यांना लागू नाही.

काम स्क्रूड्रायव्हर आणि पान्यावर होते. इग्निशन बंद करून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढायचे. डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असतात, म्हणून नंतर काही मिनिटे थांबायचे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ब्लोअर बहुधा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली उतरतो. मग कपलर काढायचा, दोन स्क्रू सोडवायचे आणि रेझिस्टर बाहेर ओढायचा. कपलरचे प्लॅस्टिक तपकिरी झाले किंवा वितळले असेल तर तोही बदलायचा. सैल पिनेशी रोध वाढतो आणि नवा भागही तिथेच जळतो. या सगळ्यात एसीच्या बंद नळ्यांना हात लावावा लागत नाही, आणि लावूही नये. त्यांतला आर-134ए हा वायू मोकळ्या हवेत उणे 26 अंशांना उकळतो. त्याचा फवारा लागला तर त्वचा गोठते.

नवा रेझिस्टर बसला, चारही वेग आले, तरी जुना का गेला हे पाहायचे राहतेच. मोटर फिरत असताना स्वतःही उलट व्होल्टेज तयार करते आणि त्यानेच प्रवाहाला लगाम बसतो. बुश कोरडे पडून ती जड झाली, की हा लगाम सुटतो, प्रवाह वाढतो आणि उष्णता त्याच्या वर्गाच्या पटीत. पंख्याची पाती हाताने फिरवून पाहिली तर हा जडपणा जाणवतो. केबिन फिल्टर धुळीने बुजला असेल तर वारा कमी पडतो. काही जुन्या स्वस्त गाड्यांत फिल्टरच नसतो आणि कचरा थेट आत जातो. बाहेरची हवा येते ती वायपरखालच्या जाळीतून. फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅबेबुयाच्या झाडांखाली, गुलाबी सड्यात गाडी लावणाऱ्यांच्या या जाळीत पाकळ्या आणि पाने साचतात, पाणी वाहून जायची भोके बुजतात. मग एप्रिल-मेच्या वळवात ते पाणी ब्लोअरकडे वळू शकते. ही जाळी पावसाआधी हाताने साफ करता येते.