वापरणाऱ्याचा अनुभव आणि विद्यापीठ

कामगार संघटनेच्या कामात ज्याची हयात गेली, त्याने विद्यापीठातील एका नव्या विद्येवर बोलावे, हे काही श्रोत्यांना विचित्र वाटेल. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावरच थांबले. पुढचे जे काही झाले ते गेटसभांत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर. परंतु आज जिचा विचार करावयाचा आहे, त्या विद्येचे एक मूळ कामगारांच्या युनियनमध्ये रुजलेले आहे, आणि ही गोष्ट ती विद्या शिकणाऱ्या मुलांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून हे धाडस.

या विद्येला यूजर एक्सपीरियन्स डिझाइन म्हणतात. आपण तिला वापरानुभवाची रचना म्हणू. बँकेचे पैसे देणारे यंत्र असो, रेल्वेचे तिकीट काढण्याचा पडदा असो की इस्पितळातील उपकरण असो. ते वापरणाऱ्याला काय समजते, तो कोठे अडतो, चुकतो का आणि चुकल्यावर सावरू शकतो का, हे आधी पाहावयाचे आणि मग त्या वस्तूला रूप द्यावयाचे, हा या विद्येचा गाभा. रंगरंगोटी हा तिचा फार लहान भाग आहे.

आमची या विषयाशी गाठ पडली ती एका ओतशाळेच्या दारात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तेथे हजेरीसाठी अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र बसविण्यात आले. कचेरीतील मंडळींचे ठसे झटकन उमटत. परंतु वीस-वीस वर्षे वाळू आणि तापलेले लोखंड हाताळून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांना यंत्र ओळखीना. माणूस आठ तास राबे आणि यंत्राच्या लेखी तो गैरहजर. पगार कापला जाई. एक जुना मोल्डर अधिकाऱ्यांना म्हणाला, “साहेब, बोट झिजलं तुमच्याच कामात, आणि आता तेच बोट म्हणतं, मी आलोच नाही!”

भांडण झाले, कापलेला पगार परत मिळाला, ठशाऐवजी कार्डाची सोय झाली. परंतु यंत्र बसविणारा तरुण इंजिनियर आम्हांला म्हणाला, “आम्ही चाचणी ऑफिसातच घेतली होती. इथे येऊन बघायचं सुचलंच नाही.” मुलगा लबाड नव्हता. जेथे यंत्र वापरले जाणार तेथे जाऊन पाहावे लागते, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. तेव्हापासून आम्ही या विद्येच्या मागे लागलो.

दोष माणसाचा की रचनेचा, हा प्रश्न तसा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 जातीची विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. विमान उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटावयाच्या असत; वैमानिक चुकून चाकेच वर घेत. अल्फान्स चॅपनीस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तो दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि दिसावयास एकसारख्या! त्याने एका कळेच्या टोकाला चाकाचा आकार दिला, दुसरीला झडपेचा. हाताला स्पर्शानेच फरक कळू लागला आणि चूक थांबली. वैमानिकांना कोणी शहाणपण शिकविले नाही. शहाणपण कळेत घातले.

पुढे संगणक घरोघर आला, तसा हा प्रश्न सर्वांचाच झाला. सॅन डिएगो येथील विद्यापीठात मानसशास्त्र शिकविणारे डोनाल्ड नॉर्मन 1993 मध्ये ॲपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांनी आपल्या हुद्द्यातच ‘यूजर एक्सपीरियन्स’ हे शब्द घातले. तेथून ते रूढ झाले. आपल्याकडे मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये 1969 साली औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. सीड नावाची प्रवेशपरीक्षा देऊन आज तेथे इंटरॅक्शन डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो.

अशा ठिकाणी शिकवितात तरी काय? मानसशास्त्र, रेखन, अक्षररचना, थोडे संगणकाचे ज्ञान हे तर आहेच. पण खरे शिक्षण हाताने होते. विद्यार्थी प्रथम माणसाला काम करताना पाहतो. मग कागदावर पडदे रेखाटून तो कागदच वापरणाऱ्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, “हे करून पाहा, आणि मनात काय येते ते मोठ्याने बोला.” माणूस अडला की खूण करावयाची, शिकवावयाचे नाही, टोकावयाचे नाही. मग कागद फाडून पुन्हा नवा. गुरुजन व सोबती सर्वांदेखत उणे काढतात, ते ऐकून घ्यावयाचे. सुताराच्या हाताखाली पोऱ्या शिकतो, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

येथवर सर्व ठीक. परंतु या रीतीत वापरणारा येतो तो परीक्षेपुरता. काय बनवावयाचे, कशासाठी, कोणाच्या सोयीसाठी, हे आधीच ठरलेले असते. हे आधीचे ठरविण्यात त्याला बसू द्यावे की नाही? हा प्रश्न प्रथम नेटाने विचारला तो नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क येथील कामगारांनी.

नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या युनियनने 1971 मध्ये क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकशास्त्रज्ञाला हाताशी धरले. हे गृहस्थ साधे नव्हेत. ओले-योहान डाल यांच्यासह त्यांनी सिम्युला ही संगणकभाषा रचली आणि 2001 चे ट्युरिंग पारितोषिक दोघांना मिळाले. विद्वानांनी पाहणी करून अहवाल लिहावा, असा बेत प्रथम होता. अहवालाने कारखान्यात काही हलणार नाही हे ध्यानी येताच त्यांनी तो मोडला आणि ठरविले की, स्थानिक युनियन स्वतः अभ्यास करून जी कृती करील तीच संशोधनाची निष्पत्ती. 1975 मध्ये त्या देशात मालक व कामगार यांच्या मध्यवर्ती संघटनांत संगणकाविषयी राष्ट्रीय करार झाला.

त्यानंतर 1981 ते 1985 या काळात उत्तर युरोपातील मुद्रण-कामगारांच्या युनियनबरोबर ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प झाला. खिळे जुळविणाऱ्यांचे कसब संगणक गिळणार हे दिसत होते. ते कसब शाबूत ठेवून त्याला बळ देणारे यंत्र आपणच का आखू नये, असा विचार निघाला. संशोधकांनी आधी आराखडे व वर्णने लिहिली. कामगारांना त्यांतून काही बोध होईना. मग त्यांनी प्लायवूड आणि पुठ्ठ्याची खोकी मांडली. रिकाम्या खोक्यावर ‘लेसर प्रिंटर’ असे लिहिले की तो प्रिंटर झाला! या खोट्या यंत्रापुढे कामगार बसला मात्र, त्याचे हात बोलू लागले: हे येथे नको, पान एवढे लहान दिसून चालणार नाही. जे कसब वाचेला सांगता येत नव्हते ते हातांनी सांगितले.

या प्रकल्पातील पेले एहन यांनी 1988 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला आणि पुढे स्वीडनमधील माल्मो विद्यापीठात ते हीच विद्या शिकवू लागले. युनियनमधून विद्यापीठात गेलेली वाट ती ही.

कोणी म्हणेल, त्या यंत्राचे पुढे काय झाले? खरे सांगावयाचे तर बाजारात त्याला मोठे यश आले नाही. शिवाय त्या देशांत युनियन बलाढ्य आणि कायदा पाठीशी. आपल्याकडे बहुसंख्य कामगार असंघटित. हे सर्व मान्य. परंतु बियाणे परक्या मातीतले म्हणून फेकून द्यावयाचे नसते. आज मुंबई-पुण्यात दारोदार जेवण पोचविणाऱ्या मुलांचा मुकादम म्हणजे त्यांच्या हातातला पडदा आहे. काम तो देतो, वेळ तो मोजतो. मुकादमाशी निदान भांडता तरी येत असे! असे पडदे आखणारी मुले या विद्यापीठांतूनच बाहेर पडणार आहेत.

म्हणून आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. विद्यार्थ्याने काही दिवस सर्व पाळ्यांत, रात्रपाळीतसुद्धा, कामाच्या जागी काढावेत. ज्याचा वेळ तो घेतो त्या कामगाराला त्याचा मोबदला मिळावा. विद्यार्थ्याच्या कामाचे मोल ठरविताना प्राध्यापकांशेजारी वापरणाऱ्यालाही खुर्ची असावी. आणि प्रत्येक रचनेला एक प्रश्न विचारला जावा: हिने कोणाचे काम हलके झाले, आणि कोणाचे ओझे वाढले?

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे उद्या ही विद्या शिकावयास जातील. त्यांनी अवश्य जावे. विद्या चांगली आहे. घरातून निघताना त्यांना एवढेच सांगावे की, बाळांनो, कोणाचा अंगठा यंत्राला दिसला नाही, तर अंगठा पुसावयास सांगण्याआधी तो कशाने झिजला हे विचारा.