घराची किंमत नकाशावर ठरते

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणून गेले. आज शहरातला नोकरदार माणूस घर बांधत नाही. तो जाहिराती वाचतो, म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरतो, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडतो आणि बजेट जमेना झाले की एकेक स्टेशन पुढे सरकतो. घरे एवढी महाग का, असे विचारले तर सिमेंट, लोखंड, मजुरी यांची नावे पुढे येतात. पण तेच सिमेंट परळला लागते आणि नेरळलाही. फरक पडतो तो जमिनीच्या भावाने. आणि कोणत्या जमिनीवर काय, किती आणि कोणासाठी बांधायचे, हे महापालिकेच्या विकास आराखड्यात ठरते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार साधारण वीस वर्षांसाठी हा आराखडा केला जातो. पालिका तो तयार करते, राज्य शासन त्याला मंजुरी देते. शाळा, मैदान, दवाखाना, मंडई, सार्वजनिक घरे यांसाठी त्यात जागा राखलेल्या असतात. जोडीला असते विकास नियंत्रण नियमावली. चटईक्षेत्र निर्देशांक हा शब्द तिथलाच. हजार चौरस फुटांचा भूखंड आणि निर्देशांक एक असेल, तर सगळे मजले मिळून बांधकाम हजार चौरस फूट. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत हा मूळ निर्देशांक शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता.

सामान्य माणूस या नियमावलीच्या वाटेला जात नाही. पण तिच्यातल्या एका शब्दाने काय होते, हे पाहायचे असेल तर गिरणगावात जावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि मुंबईच्या ऐन मध्यावरची सुमारे सहाशे एकर जमीन चर्चेत आली. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी सांगितली. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. ढोबळ भागाकार केला तरी घरांच्या वाट्याला दोनशे एकरांच्या आसपास जमीन यायची होती. १९९६ मध्ये शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. सुट्या सुट्या गिरणीचा विचार न करता सगळ्या जमिनीचा एकत्रित आराखडा करावा, असे त्याचे म्हणणे होते. ते कागदावरच राहिले.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असे ठरले. आता गिरणीचे आवार ज्यांनी पाहिले आहे त्यांना विचारा. साचेखाते, सूतखाते, गोदामे अशा शेडच्या शेड पसरलेल्या. त्यात मोकळी जमीन असणार ती किती? शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून वगळल्यावर म्हाडाचा आणि मैदानांचा वाटा पार आक्रसला. कामगारांची थकलेली देणी भागवायची तर मालकाच्या हाती पैसा खेळला पाहिजे, अशी या बदलाची बाजू मांडली गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम झाला.

पुढचे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. लालबाग-परळमध्ये मनोरे उभे राहिले. घरे वाढली, पण त्यांत पूर्वीच्या चाळकऱ्याला परवडेल असे घर शोधून सापडत नाही. ‘भरपूर बांधू द्या, भाव आपोआप उतरतील’ असे सांगणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे. पुरवठा वाढलाच पाहिजे, यात वाद नाही. पण बांधकामाचा हक्क वाढला की पहिल्यांदा वाढतो तो जमिनीचा भाव. लहान घरांचा वाटा नियमात आधीच बांधून घेतला नसेल, तर वाढीव मजले कोणाच्या कामी येणार?

गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. अर्ज सुमारे दीड लाख. आजवर मिळालेली घरे त्याच्या जवळपासही जात नाहीत. उरलेल्यांना पनवेलकडे, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीकडे बोट दाखवले जाते. घर हवे ते ज्या शहरात आयुष्य झिजवले तिथेच, म्हणून हे वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमले होते.

मग नागरिकांच्या हाती काहीच नाही का? आहे. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातल्या चुका पाहून लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला. दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. दहा लाख परवडणारी घरे हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी ना-विकास क्षेत्रे व मिठागरांच्या जमिनींकडे पाहिले गेले आहे. ही घरे कोणत्या उत्पन्नगटासाठी, किती क्षेत्रफळाची, आणि त्यासाठी मोकळी व सखल जमीन किती खर्ची पडणार, हे विचारत राहणे हे आता आपले काम.

मुंबईपुरती ही गोष्ट नाही. पुणे असो, नाशिक असो की एखादी लहान नगरपालिका, आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत असते आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ती सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापून येते आणि रद्दीत जाते. लग्नाची यादी करायला सारे घर बसते, तसे एका संध्याकाळी त्या नकाशाभोवतीही बसावे. आपल्या प्रभागात घरांसाठी राखलेली जागा शोधावी, नसेल तर तसे लेखी कळवावे, आणि असेल तर पुढच्या फेरबदलात ती निसटत नाही ना, यावर लक्ष ठेवावे. मुलांना याच गावात घर घेता येईल की नाही, हे त्या कागदावर बरेच आधी लिहिले जात असते.