स्वतःची खाट नसलेला तज्ज्ञ

वैद्यकाच्या बहुतेक शाखांमध्ये डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे नाते खाटेवरून ठरते. फिजिशियनचा वॉर्ड असतो, सर्जनच्या नावाने रुग्ण दाखल होतो, आणि ठाण्याच्या नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत तर पती-पत्नी डॉक्टरांनी खाली दवाखाना, वर नर्सिंग होम आणि त्याच्याही वर स्वतःचे घर अशी व्यवस्था अनेक वर्षे चालवलेली दिसते. या परिचित चौकटीत न बसणारी एक शाखा गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या शहरांत रुजली आहे. तिचे नाव इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. शरीराच्या आतील भागाची प्रतिमा पडद्यावर पाहत पाहत सुई, तार आणि नळी यांच्या साहाय्याने, मोठा छेद न घेता उपचार करण्याचे हे शास्त्र असून त्यातील तज्ज्ञाला बहुधा स्वतःचा वॉर्ड नसतो, स्वतःच्या खाटा नसतात, आणि पुष्कळदा ज्या यंत्रावर तो काम करतो ते यंत्रही त्याचे नसते. त्यामुळे तो कोणकोणत्या रुग्णालयांशी जोडलेला आहे, वैद्यकीय व्यवहाराच्या भाषेत त्याची ‘अटॅचमेंट’ कुठे कुठे आहे, हा प्रश्न केवळ त्याच्या चरितार्थाचा राहत नाही. रुग्णाला उपचार वेळेवर मिळणार की नाही, हेही त्यावर अवलंबून असते.

या शाखेचा पाया १९५३ साली स्वीडनमधील स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी प्रसिद्ध केलेल्या एका साध्या युक्तीत आहे. रक्तवाहिनीत पोकळ सुई घालायची, सुईतून बारीक लवचीक तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, ओवायची, एवढीच ती युक्ती. तिच्यामुळे जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून शिरून यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय किंवा मेंदू यांपर्यंत पोहोचता येऊ लागले. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात मोजतात; एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, तेव्हा नेहमीच्या वापरातील पाच फ्रेंचची नळी पावणेदोन मिलिमीटरच्याही किंचित आतच असते. मात्र सेल्डिंगर यांच्या काळात ही वाट मुख्यतः निदानाची होती. नळीतून डाय, म्हणजे क्ष-किरणांत गडद दिसणारे द्रव्य, सोडायचे आणि रक्तवाहिनीचे चित्र घ्यायचे, इथेच रेडिओलॉजिस्टचे काम संपत असे. ज्या वाटेने निदान झाले त्याच वाटेने उपचारही करता येईल, हे अमेरिकेतील पोर्टलंड येथील चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी सिद्ध केले. पाय कापण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या एका स्त्रीची मांडीतील आकसलेली धमनी त्यांनी तारेवरून क्रमाने अधिक जाड नळ्या सरकवून रुंद केली आणि तिचा पाय वाचला. पुढे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसवला, आणि १९७७ साली झुरिच येथे तो हृदयाच्या धमनीत वापरला. आज घरोघरी ठाऊक असलेली अँजिओप्लास्टी तेव्हापासून हृदयरोगतज्ज्ञांची मानली जाऊ लागली. ती मुळात एका रेडिओलॉजिस्टच्या टेबलावर जन्मली, हे मात्र सामान्य वाचकाच्या कानावर क्वचितच येते.

मुंबई-ठाणे परिसरात या शाखेची खरी गरज कशातून निर्माण झाली, हे पाहायचे तर क्षयरोगाकडे वळावे लागते. जुनाट क्षयाने फुप्फुसात पोकळ्या पडतात, त्यांच्या भिंतींतील सततच्या दाहामुळे श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या, एरवी दोऱ्यासारख्या बारीक असणाऱ्या धमन्या फुगतात, आणि त्यांतील एखादी फुटली की खोकल्यावाटे भळाभळा रक्त पडू लागते. अशा रुग्णाचा मृत्यू बहुधा रक्त वाहून गेल्याने होत नाही, तर स्वतःच्याच रक्ताने श्वासमार्ग भरून गुदमरल्याने होतो. शिवाय दोन्ही फुप्फुसे आधीच जर्जर झालेली असल्याने छाती उघडून शस्त्रक्रिया करण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसते. नळीतून त्या धमनीपर्यंत जाऊन ती सूक्ष्म कणांनी बंद करण्याचा उपचार फ्रान्समध्ये १९७०च्या दशकाच्या आरंभी पुढे आला. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रवी रामकांतन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरोगामुळे मोठा रक्तस्राव झालेल्या १४० रुग्णांवरील या उपचाराचा अनुभव १९९६ साली ‘रेडिओलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. महानगरपालिकेच्या रुग्णालयात, गिरणगावाच्या शेजारी, अत्यंत गरीब रुग्णांवर झालेल्या या कामाचे मोल मोठे आहे. या उपचाराला लागणारे कौशल्य किती नाजूक असते, हेही येथे सांगावयास हवे. श्वासनलिकेच्या धमनीच्या उगमाजवळूनच कधी कधी मज्जारज्जूला रक्त पुरवणारी केसासारखी शाखा निघते. ती ओळखता आली नाही आणि कण तिच्यात शिरले, तर रुग्णाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. तेव्हा येथे हात जितका स्थिर लागतो, तितकीच पडद्यावरील चित्र वाचण्याची नजरही तयार लागते. एमडी किंवा डीएनबी ही रेडिओलॉजीची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यानंतर फेलोशिपची किंवा डीएम अथवा डीआरएनबी या अतिविशेष अभ्यासक्रमाची आणखी वर्षे घालवावी लागतात ती याच कारणाने.

असा तज्ज्ञ नौपाड्यात पाटी लावतो तेव्हा त्याच्या व्यवसायाची रचना कशी असते? ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला गोखले रोड, राम मारुती रोड, विष्णुनगर या पट्ट्यात दवाखाने, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि सोनोग्राफी केंद्रे दाटीने वसली आहेत, आणि लोकलने उतरून चालत पोहोचता येत असल्याने डोंबिवली, कल्याण, कळवा येथील रुग्णांनाही ती सोयीची आहेत. येथील एखाद्या खोलीत ओपीडी चालवता येते, अहवाल तपासता येतात, पायांच्या फुगलेल्या शिरांची डॉप्लर तपासणी करता येते आणि साधनांची व नोंदणीची पूर्तता असेल तर त्या शिरा आतून लेसरने बंद करण्यासारखी छोटी प्रक्रियाही होऊ शकते. परंतु त्याच्या कामाचा गाभा कॅथलॅबमध्ये असतो, आणि कॅथलॅब म्हणजे काही कोटी रुपयांचे यंत्र, किरणोत्सर्ग रोखणाऱ्या भिंती, भूलतज्ज्ञ, परिचारिका, अतिदक्षता विभाग आणि गुंतागुंत झाल्यास धावून येणारा सर्जन असा सगळा संसार. तो मोठ्या रुग्णालयातच मांडता येतो. ठाण्यात अशी रुग्णालये जुन्या गावठाणाबाहेर, द्रुतगती महामार्गालगत आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला वाढली. २००७ साली सुरू झालेले ज्युपिटर रुग्णालय हे त्यांतील ठळक उदाहरण, तर कल्याणमध्ये फोर्टिससारखी रुग्णालये उभी राहिली. पाटी एकीकडे आणि टेबल दुसरीकडे, अशी विभागणी त्यातूनच झाली.

ही जोडणी निरनिराळ्या प्रकारची असते. काही तज्ज्ञ एकाच रुग्णालयाचे पूर्णवेळ सल्लागार असतात. तेथे त्यांची स्वतःची ओपीडी, ठरलेली टीम आणि रात्रीच्या हाकेची पाळी असते. काही जण व्हिजिटिंग किंवा ऑन-कॉल म्हणून चार-सहा रुग्णालयांच्या पॅनेलवर असतात आणि गरज पडेल तसे बोलावले जातात. अशा वेळी कॉइल म्हणजे धमनीत गुंडाळी होऊन बसणारी बारीक तार, मायक्रोकॅथेटर, स्टेंट इत्यादी सामग्री अनेकदा त्या त्या प्रक्रियेपुरती वितरकाकडून मागवली जाते. व्हिजिटिंग पद्धतीमुळे लहान रुग्णालयांनाही हे कौशल्य उपलब्ध होते, हा तिचा निर्विवाद लाभ आहे. पण प्रक्रिया करून तज्ज्ञ दुसऱ्या गावच्या दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेला आणि मध्यरात्री जांघेतील टोचल्या जागी रक्त साकळून गाठ आली, तर ती प्रथम कोण पाहणार, हे आधी ठरलेले नसेल तर त्याच लाभाचे संकटात रूपांतर होते. या शाखेतील अपयशाची कारणे शोधताना तारेपेक्षा आणि नळीपेक्षा या न ठरलेल्या जबाबदारीकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

जोडणीला कायद्याचीही चौकट आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची, केंद्राची आणि ते चालवणाऱ्या डॉक्टरची नोंदणी आवश्यक असते, आणि २०१२च्या नियमदुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांत सोनोग्राफी करण्याची मर्यादा घातली. पोर्टेबल यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावरही निर्बंध आले. मुलींच्या घटत्या प्रमाणाची पार्श्वभूमी पाहता या कठोरपणामागील हेतूबद्दल दुमत होऊ नये. तरीही एखाद्या वृद्ध पुरुषाच्या मूत्रपिंडात साचलेला पू सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुईने काढायचा असला, तरी ती सुई धरणाऱ्या तज्ज्ञाला हेच नियम लागू होतात. क्ष-किरण यंत्रांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. अंगावर शिशाचा जड एप्रन चढवून रोज तासन्‌तास उभे राहणाऱ्या या डॉक्टरच्या छातीवर एक बिल्ला लावलेला असतो आणि त्यावरून शरीराला पोहोचलेल्या किरणोत्सर्गाची मोजदाद ठेवली जाते. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही भारतातील मर्यादा आहे. पाठदुखी, मानदुखी आणि डोळ्यांच्या भिंगावरील परिणाम ही या व्यवसायाची किंमत डॉक्टर मोजतात, याची जाणीव रुग्णांना सहसा नसते.

रुग्णाच्या बाजूने पाहता सर्वांत निकडीचा घटक वेळ हा असतो. मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर ती गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्यांनंतर जगभर मान्य झाला, आणि २०१८च्या चाचण्यांनी निवडक रुग्णांसाठी झटका आल्यापासून हा उपचार करता येण्याची मुदत चोवीस तासांपर्यंत वाढवली. परंतु प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरत असतात, असा अंदाज असल्याने वाढलेली मुदत ही सवड समजता येत नाही. ठाण्याहून कल्याण रेल्वेने सुमारे २० किलोमीटर आहे. रुग्णवाहिका मात्र रुळावरून धावत नाही. कल्याण-शीळ रस्ता आणि मुंब्रा बाह्यवळण येथील कोंडी तिच्या वाटेत असते. म्हणून डोंबिवलीतील कुटुंबाने जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन, कॅथलॅब आणि हाकेला येणारा तज्ज्ञ या तिन्ही गोष्टी एकत्र आहेत, हे आजार येण्यापूर्वीच माहीत करून घेणे अगत्याचे ठरते.

याहून कमी नाट्यमय, पण संख्येने कितीतरी मोठे काम डायलिसिसच्या रुग्णांचे आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावा लागणाऱ्या रुग्णाच्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्चुला तयार केलेला असतो. त्यावर बोट ठेवले की एक थरथर जाणवते. ही थरथर मंदावली की शीर आकसत चालली असे समजावे, आणि ती पूर्ण थांबली तर आत गुठळी झाली. वेळीच, शक्यतो एक-दोन दिवसांत, फुग्याने शीर रुंद केली किंवा गुठळी काढली तर तोच फिस्चुला पुन्हा चालू शकतो. उशीर झाला तर मानेत तात्पुरती नळी आणि दुसऱ्या हातावर नवी शस्त्रक्रिया. शरीरात फिस्चुला करण्याजोग्या जागा मोजक्याच असल्याने येथे खऱ्या अर्थाने आयुष्याची वर्षे वाचवली जातात. गर्भाशयातील फायब्रॉइड गाठींवरही १९९५ साली फ्रान्समधून पुढे आलेला धमनी बंद करण्याचा उपचार उपलब्ध आहे. पहिल्या दिवशी तीव्र वेदना होतात आणि पुढे मूल हवे असल्यास निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो, पण गर्भाशय काढून टाकण्याला एक पर्याय आहे एवढे तरी प्रत्येक स्त्रीला सांगितले जायला हवे.

ते सांगितले जात नाही, याचे एक कारण संदर्भाच्या साखळीत आहे. रुग्ण थेट या तज्ज्ञाकडे येत नाही. फॅमिली डॉक्टर, सर्जन, नेफ्रॉलॉजिस्ट किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ त्याला पाठवतात, आणि ज्यांची शस्त्रक्रिया या उपचाराने टळते त्यांच्याच चिठ्ठीवर हा व्यवसाय पुष्कळसा चालतो. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देण्या-घेण्याची ‘कट प्रॅक्टिस’ २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध ठरवली असून तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही महाराष्ट्रात २०१७ साली तयार झाला होता. खर्चाची बाजू अशी की, त्याच वर्षी स्टेंटच्या किमतींवर जी कमाल मर्यादा आली ती हृदयाच्या स्टेंटपुरती होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मात्र इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचे उपचार समाविष्ट आहेत. त्यांचा लाभ योजनेच्या यादीतील रुग्णालयातच मिळत असल्याने, डॉक्टर तोच असला तरी तो कोणत्या रुग्णालयात प्रक्रिया करतो यावरून रुग्णाचे बिल शून्य होते किंवा लाखांत जाते.

रेडिओलॉजिस्टने रुग्णाची जबाबदारी प्रक्रियेआधी आणि नंतरही स्वीकारली नाही तर तो महागडा प्लंबर ठरेल, अशा आशयाचा इशारा डॉटर यांनीच आपल्या व्यवसायबंधूंना दिला होता. त्या दृष्टीने नौपाड्यातील छोट्या ओपीडीचे महत्त्व महामार्गावरील कॅथलॅबइतकेच आहे, कारण टेबलावर झोपण्यापूर्वी रुग्ण आणि तज्ज्ञ समोरासमोर बसतात ते तेथेच. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस बंद ठेवायची, डायचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ नये म्हणून क्रिएटिनिन तपासले आहे का, प्रक्रिया साधली नाही तर पुढे काय, रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे विचारण्याची ती जागा आहे. सार्वजनिक रुग्णालयांतील गरीब रुग्णाच्या वाट्याला अशी बैठक क्वचितच येते. कळव्याचे महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांवर लाखो लोक विसंबून आहेत, आणि ठाण्याच्या विठ्ठल सायन्ना जिल्हा रुग्णालयाच्या जागी नवे सुपरस्पेशालिटी रुग्णालय उभे राहत आहे. केईएममध्ये जे काम क्षयाच्या रुग्णांसाठी घडले, ते इमारतीमुळे घडले नव्हते. पूर्णवेळ नेमलेले शिक्षक, चालू स्थितीतील यंत्र आणि रात्री उघडणारे सामग्रीचे कपाट या तिन्हींची सोय एका छताखाली होती, आणि ठाण्याच्या नव्या रुग्णालयाच्या पदनिर्मितीच्या प्रस्तावात या शाखेच्या पदांना वेगळी ओळ मिळणे त्यासाठीच आवश्यक आहे.