एका शास्त्राची नामावळी

मूल जन्मले की बाराव्या दिवशी त्याचे नाव ठेवण्याची आपली रीत आहे. शास्त्रांच्या बाबतीत असे होत नाही. शास्त्र आधी वाढते, चार देशांत हिंडते, आणि मग ज्या त्या भाषेतील पंडित आपापल्या मगदुरानुसार त्याचे बारसे करतात. अर्थशास्त्राचे आजचे रूप जेमतेम अडीचशे वर्षांचे. त्यामुळे जगातील बहुतेक भाषांना त्याच्यासाठी नाव शोधावे लागले. कोणी घरातला जुना शब्द काढला, कोणी धर्मग्रंथातला, कोणी राजदरबारातला. कोणी काय निवडले हे पाहू लागलो की त्या त्या समाजाने या विद्येकडून काय अपेक्षिले होते तेही थोडेफार कळू लागते.

युरोपीय भाषांतील 'इकॉनॉमी' हा शब्द ग्रीक आहे. 'ऑइकोस' म्हणजे घर, आणि त्याला जोडलेल्या दुसऱ्या पदात वाटणी, व्यवस्था, नियम असे अर्थ एकवटलेले आहेत. तेव्हा 'ऑइकोनोमिआ' म्हणजे सरळसरळ गृहव्यवस्था. सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफोन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात याच विषयावर एक संवाद लिहिला. त्यात इस्कोमाखस नावाचा सुखवस्तू जमीनदार आपल्या पत्नीला संसार कसा शिकविला ते सॉक्रेटिसाला सांगतो. ती घरात आली तेव्हा तिला पंधरावे वर्षही लागले नव्हते. बाहेरून आलेले धान्य मोजून घ्यावे, वर्षाची बेगमी महिन्यात उडणार नाही हे पाहावे, आजारी पडलेल्या नोकराची शुश्रूषा करावी, लोकरीची वस्त्रे विणवून घ्यावीत, असा तो उपदेश आहे. घरधनिणीला त्याने मधमाश्यांच्या राणीची उपमा दिली आहे. भांडीकुंडी जागच्या जागी असावीत हे पटविण्यासाठी तो फिनिशियन गलबताचा दाखला देतो : एवढ्याशा जागेत इतके सामान, पण वादळात हात घालावा तेथे हवी ती वस्तू सापडते! आमच्या आजीच्या फडताळाचे वर्णन कोणी ग्रीक भाषेत लिहून ठेवले असावे असे हे वाचताना वाटते. अर्थात उपदेश करणारा पुरुष आहे, आणि त्या मुलीचे म्हणणे आपल्याला तिच्या नवऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

ॲरिस्टॉटलने पुढे एक महत्त्वाचा भेद केला. घराला लागेल तेवढे मिळविणे आणि नीट वापरणे ही गृहव्यवस्था. पैशापासून पैसा वाढवीत जाणे ही वेगळी विद्या, तिला त्याने 'ख्रेमातिस्तिके' म्हटले. पहिलीला मर्यादा आहे, दुसरीला नाही, म्हणून दुसरीविषयी त्याचे मत फारसे बरे नव्हते. आज अर्थशास्त्र या नावाखाली जे चालते त्यातला बराच भाग ॲरिस्टॉटलने दुसऱ्या खात्यात टाकला असता. परंतु जगाने नाव मात्र पहिल्याचे ठेवले.

घरातला हा शब्द राज्यावर चढला तो १६१५ साली. आंत्वान द मोंक्रेतिएन या फ्रेंच लेखकाने आपल्या ग्रंथाच्या नावातच 'राजकीय गृहव्यवस्था' असा प्रयोग केला. राजाने देश चालवावा तो घरासारखा, ही त्यामागची कल्पना. १७५५ मध्ये फ्रेंच ज्ञानकोशात रूसोने याच शीर्षकाचा लेख लिहिला. इंग्रजीत हीच जोडी 'पोलिटिकल इकॉनॉमी' म्हणून शंभरावर वर्षे नांदली. पुढे जेव्हन्स यांनी १८७९ मध्ये सुचविले की हे जोडनाव टाकून सुटसुटीत 'इकॉनॉमिक्स' म्हणावे. आणि १८९० मध्ये मार्शल यांचा मोठा ग्रंथ त्याच नावाने आला, तेव्हा ते रूढ झाले. 'राजकीय' हे विशेषण गेले. हा बदल केवळ सोयीचा नव्हता. पदार्थविज्ञानासारखे, कोणत्याही देशात आणि राज्यात सारखेच लागू पडणारे शास्त्र व्हावे ही आकांक्षा त्या नव्या नावात होती. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिले ते 'इंडियन पोलिटिकल इकॉनॉमी' या विषयावर. इंग्लंडचे नियम हिंदुस्थानाला जसेच्या तसे लागत नाहीत, हेच त्यांना सांगायचे होते. त्यांनी देशाचे नाव आणि जुने विशेषण दोन्ही राखले.

युरोपातील काही भाषांनी ग्रीक शब्द न घेता त्याचा अर्थ तेवढा घेतला. डच भाषेत या शास्त्राला 'राज्याची घरव्यवस्था' अशा अर्थाचा लांबलचक शब्द होता. फिनिश भाषेतील शब्दही घर या शब्दावरून निघाला आहे. आर्मेनियन भाषेत तर 'घर पाहणारा' या शब्दावरून शास्त्राचे नाव बनले. जर्मन 'विर्टशाफ्ट'च्या मुळाशी 'विर्ट' आहे, म्हणजे यजमान किंवा खाणावळवाला. म्हणून त्याच शब्दाने देशाची अर्थव्यवस्था कळते आणि कोपऱ्यावरचे मद्यगृहही कळते. चेक भाषेतही अर्थव्यवस्था आणि गुत्ता हे शब्द एकाच कुळातले आहेत. यावर अधिक भाष्य करण्याचा मोह आम्ही आवरतो.

घराचे नाव घेणाऱ्या या शास्त्राने घराला मात्र दाराबाहेर ठेवले, ही गोष्ट आमच्या मते सर्वांत विचार करण्यासारखी आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना शेतकऱ्याने स्वतःच्या घरी खाल्लेले धान्य धरले जाते. त्या धान्याची भाकरी करणाऱ्या हातांचे श्रम धरले जात नाहीत. मोलकरणीचा पगार हिशेबात येतो, गृहिणीचे तेच काम येत नाही. केंब्रिजचे पिगू यांनी १९२० मध्ये यातली विसंगती एका वाक्यात दाखविली होती : एखाद्या गृहस्थाने आपल्या घरच्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर राष्ट्राचे उत्पन्न घटते! आपल्या सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचे सर्वेक्षण केले. घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यांत घालवितात आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. स्त्रियांची ती जवळजवळ पाच तासांची रोजची मेहनत कोणत्याही वार्षिक आकड्यात नाही. झेनोफोनच्या पोथीत निदान तिचे वर्णन तरी आहे.

आता पूर्वेकडे वळू. अरबीत या शास्त्राला 'इक्तिसाद' म्हणतात. मूळ धातूचा अर्थ नेम धरून सरळ जाणे. त्यावरून मध्यममार्ग, मर्यादा, काटकसर. अल्-गझाली यांच्या एका प्रसिद्ध ग्रंथाच्या नावात हाच शब्द आहे, पण तो ग्रंथ श्रद्धेतील मध्यममार्गाविषयी आहे, बाजारभावांविषयी नाही. आपल्या मराठी कागदपत्रांत जासुदाच्या जोडीने येणारा 'कासीद' हा निरोप्या याच धातूचा वंशज. इराणने आणि तुर्कांनीही हाच शब्द घेतला. १९०४ मध्ये कवी इक्बाल यांनी उर्दूत या विषयावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'इल्मुल इक्तिसाद'.

पण उर्दूत शेवटी टिकला तो निराळा शब्द, आणि त्याचा आमच्या हैदराबादशी निकटचा संबंध आहे. उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून चालवायचे ठरले तेव्हा १९१७ मध्ये येथे भाषांतरासाठी स्वतंत्र खाते निघाले, आणि रसायनापासून कायद्यापर्यंत सर्व शास्त्रांची परिभाषा बसविण्याचे काम सुरू झाले. विद्यापीठात हा विषय शिकविणाऱ्या इलियास बर्नी यांच्या ग्रंथाचे नाव 'इल्मुल मईशत'. उर्दूत आज रूढ असलेला 'मआशियात' हा शब्द त्याच घराण्यातला. 'मआश' म्हणजे उपजीविका, जगण्याचे साधन. मराठवाड्यातून येथे शिकायला आलेल्या त्या काळच्या आमच्या वडीलधाऱ्यांनी मागणी-पुरवठ्याचे नियम मआशियात म्हणूनच पाठ केले. त्यांना तो शब्द परका वाटला नसावा, कारण 'मदतमाश' इनामे गावोगावच्या दप्तरांत होतीच. विद्वानाला किंवा देवस्थानाला पोटापाण्यासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. पोटापाण्याचे शास्त्र, इतके नेमके नाव इतर भाषांत क्वचितच सापडेल. हिब्रूतील शब्द मात्र त्याच्या शेजारी बसतो. दुष्काळात योसेफाने आपल्या बापाला व भावांना अन्न पुरविले, त्या कथेतील 'पोसणे' या क्रियापदापासून तो घडविला आहे. स्वाहिलीत फळे तोडणे, कमावणे या क्रियेवरून शब्द झाला.

चीन आणि जपान यांची कहाणी वेगळ्या थाटाची. 'जगाची घडी बसवावी आणि लोकांना संकटातून तारावे' अशा अर्थाचे चार अक्षरांचे एक जुने चिनी वचन आहे. त्यातली दोन अक्षरे घेऊन जपानी 'केइझाइ' हा शब्द झाला. दाझाइ शुन्दाइ या पंडिताने १७२९ मध्ये 'केइझाइरोकु' लिहिले, तेव्हा त्याचा अर्थ राज्यकारभार असाच होता. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य विद्या आली आणि जपान्यांनी हाच शब्द तिच्या नावे केला. या दोन अक्षरांपैकी पहिल्याचा मूळ अर्थ कापडाचा ताणा, उभा धागा; चिनी भाषेत बौद्ध सूत्रांनाही तेच अक्षर लावतात, आणि आपले 'सूत्र'ही धागाच. दुसऱ्याचा अर्थ नदी पार करणे, पार नेणे, सोडविणे. मराठीतल्या 'तारणे'सारखेच ते. कर्जापोटी ठेवायच्या वस्तूला आपण 'तारण' म्हणतो, तेव्हा आपणही त्याच नदीच्या काठी उभे असतो.

चीनमध्ये हा शब्द सहजासहजी स्वीकारला गेला नाही. ॲडम स्मिथचे भाषांतर करणारे येन फू यांचा आक्षेप होता की हे नाव या शास्त्राला फार ढगळ होते आणि 'संपत्तीची व्यवस्था' हे फार तोकडे. त्यांनी 'हिशेबविद्या' अशा अर्थाचे नाव सुचविले. विद्वत्ता त्यांच्या बाजूची होती. पण जपानहून परतणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि जपानी पुस्तकांच्या लाटेत त्यांचे नाव वाहून गेले. चीनचा शब्द जपानात जाऊन नवा अर्थ घेऊन माहेरी आला.

सयाम, म्हणजे आजचे थायलंड, आपल्याला अधिक जवळचे. तेथे १९११ मध्ये निघालेल्या पहिल्या पाठ्यपुस्तकाचे नाव होते 'सप्पसात'. उच्चारावर जाऊ नये, मूळ संस्कृत 'द्रव्यशास्त्र'. आज रूढ असलेला शब्द 'सेट्ठसात', म्हणजे 'श्रेष्ठशास्त्र'. हा श्रेष्ठ म्हणजे पाली वाङ्मयातील श्रेष्ठी, आपल्या पेठेतला शेठ. अर्थशास्त्राला शेठजींचे शास्त्र म्हणण्याचा मोकळेपणा थाई भाषेने दाखविला.

आमच्या दहावीच्या वर्गात एका मुलीने विचारले होते, अर्थ म्हणजे शब्दाचा अर्थ, मग अर्थशास्त्र मराठीच्या तासाला का नाही? वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. संस्कृत 'अर्थ' शब्दात हेतू, वस्तू, धन आणि आशय हे सगळे एकत्र नांदतात. तमिळमधील 'पोरुळ' शब्दातही धन आणि आशय दोन्ही आहेत, आणि तमिळमध्ये या शास्त्राचे नाव त्यावरूनच पडले. मल्याळमने 'संपत्ती' घेतली, बंगालीने 'अर्थनीती'. हिंदीतही महावीरप्रसाद द्विवेदींचे १९०८ चे पुस्तक 'संपत्तिशास्त्र' नावाचे होते.

मराठीचे बारसे या सगळ्यांच्या आधीचे. लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' लिहिले. हरि केशवजी यांचे १८५४ मधील पुस्तक 'देशव्यवहार व्यवस्था'. आणि लगेच १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांची 'अर्थशास्त्र परिभाषा' आली. सहा वर्षांत तीन नावे! तिन्हींत आम्हांला हरि केशवजींचे नाव सर्वांत प्रामाणिक वाटते. देशाचा व्यवहार आणि त्याची व्यवस्था. त्यात ग्रीक घरही आहे आणि मोंक्रेतिएनचे राज्यही. पण ते लांब पडले, आणि कृष्णशास्त्र्यांच्या शब्दाला संस्कृताचे वजन होते.

त्यांनी हा शब्द उचलला तेव्हा कौटिल्याचा ग्रंथ कोणी पाहिला नव्हता. तो म्हैसूरच्या ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती लागला १९०५ मध्ये, आणि छापला गेला १९०९ मध्ये. नाव मात्र परंपरेने माहीत होते. अमरकोशात अर्थशास्त्र आणि दंडनीती यांची गाठ घातलेली आहे, म्हणजे अमरसिंहाच्या लेखी ते राजनीतीचेच शास्त्र. ग्रंथ सापडल्यावर तेच सिद्ध झाले : त्यात हेर आहेत, किल्ले आहेत, शत्रूचा शत्रू आहे, जकात आणि वजनमापेही आहेत, पण राजाच्या दृष्टीने. तेव्हा जपानने आणि मराठीने एकमेकांना न विचारता सारखेच केले, सिंहासनाचा शब्द बाजाराला दिला.

कौटिल्याजवळ याहून चपखल शब्द होता. शेती, पशुपालन आणि व्यापार या तिन्हींच्या विद्येला तो 'वार्ता' म्हणतो, आणि चार मुख्य विद्यांत तिची गणना करतो. 'वृत्ती' म्हणजे उपजीविका, तिच्यावरून वार्ता. हैदराबादी मआशियातची ही संस्कृत बहीणच. पण १८५५ पर्यंत मराठीत वार्तेचा अर्थ बातमी असा पक्का होऊन बसला होता. त्या मुलीला आम्ही हे सांगितले तेव्हा तिने आपल्या वहीत 'वार्ता' हा शब्द लिहून त्यापुढे कंसात 'शेती, गुरे, दुकान' असे टिपून ठेवले. तिच्या वडिलांचे बेगमबाजारात किराणा दुकान आहे.